पोपटी आणि निखाऱ्यावरच्या मटणासोबत कोणती वाईन? दिवेआगरहून विचारतेय

आगरातली सून

नमस्कार. दिवेआगरला आमचं घर आहे आणि मागे आगर, म्हणजे पोफळींची (सुपारीची) बाग. तीन खोल्या पाहुण्यांना देतो, स्वयंपाक मी आणि सासूबाई मिळून करतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही सगळे माजघरात बसून होतो. कौलं उडत होती आणि मागे पोफळी कडाकड मोडत होत्या. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र. लग्न होऊन आल्यापासून त्या दारातून समुद्र मी कधी पाहिलाच नव्हता, इतकं दाट आगर होतं. साडेतीनशे पोफळींतल्या एकवीस उभ्या राहिल्या. पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. नवीन रोपांना सावली हवी म्हणून मध्ये केळी लावल्या आणि तेव्हापासून घर चाललंय ते पाहुण्यांवर. त्यात ते करोनाचं वर्ष, म्हणजे पाहुणेही बंद होते. आता शनिवार-रविवारी खोल्या भरतात. मंगळवार-बुधवारी मात्र गाव अजून सुनं असतं.

जानेवारीत पुण्याहून बारा जण येतायत. त्यांना पोपटी हवी आहे (वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी मडक्यात भरून आगीत भाजतात ती), शिवाय निखाऱ्यावरची कोंबडी आणि मटणाच्या चापा. आमच्याकडे परवाना नाही, आम्ही दारू विकत नाही. वाईन ते स्वतःच आणणार आहेत, पण "तुमच्या जेवणाला कुठली चालेल ते सांगा" म्हणाले. मी वाईन कधी चाखलेली नाही. माझी कोंबडी आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि कोकमाच्या आगळात मुरवलेली असते. चापांना घरचा लाल मसाला. निखारा करवंट्यांचा. कशासोबत काय जाईल? आणि माझ्या मसाल्यात काही बदलायला हवं का? बाटलीतला गोड सॉस फासून कोंबडी वाढायची माझी तयारी नाही, ते आधीच सांगते.

द्राक्षवाला नाशिक

ताई, सॉस नकोच. मी वाईनरीत कामाला आहे, रोजचं बघतो ते सांगतो.

पोपटी भाजलेली म्हणतात, पण मडक्यात ती स्वतःच्या वाफेवर शिजते. ओवा, भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा असा सगळा हिरवा वास. तिला सॉव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाईन द्या. त्या वाईनलाही गवतासारखा, कच्च्या हिरव्या मिरचीसारखा वास असतो, दोन्ही एकमेकांना धरून राहतात. हिरव्या कोंबडीला शेनिन ब्लांक, हीसुद्धा पांढरीच, पण किंचित गोडसर घ्या. तिखटावर जास्त अल्कोहोलची वाईन प्यायली की जिभेची आग वाढते, थोड्या गोडव्याने ती निवते.

चापांना शिराज, ही लाल वाईन. लाल वाईन नुसती प्यायली तर तोंड तुरट पडतं, जांभूळ खाल्ल्यासारखं. चरबीदार मटणाबरोबर तो तुरटपणा मऊ होतो आणि शिराजला मुळात जो मिऱ्याचा वास असतो तो करपलेल्या कडांशी छान जुळतो. सुरमई किंवा बांगडा भाजणार असाल तर त्याच्याबरोबर मात्र लाल नको. तेलकट माशावर ती तोंडात लोखंडासारखी लागते.

बदल एकच सुचवेन. आगळ निम्मं करा. जेवण वाईनपेक्षा आंबट झालं की वाईन पाण्यासारखी लागते. आंबटपणा हवाच असेल तर सोलकढी शेवटी भाताबरोबर द्या.

आणि हो, लाल वाईन "खोलीच्या तापमानाला" द्यायची हे थंड देशातलं. तिकडची खोली सोळा-अठरा अंशांची, तुमच्याकडे दुपारी तीस. शिराजही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पाहुण्यांना सांगा, ताम्हिणीतून येताना बाटल्या गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.

पेणचा पोपटीवाला

वाईनचं दादा बोलले, मी मडक्याचं बोलतो. भांबुर्डी मिळाली नाही म्हणून केळीचं पान घालू नका वहिनी, ती पोपटी होत नाही. तळाला पाला, मग शेंगा, खडेमीठ, ओवा, मध्ये कोंबडी आणि अंडी, वर परत शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि झावळ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा, चर्र झालं की उतरवा.

आमच्याकडेही निसर्गने आंबे आडवे केले होते. त्या वर्षी पोपटीला जळण विकत आणावं लागलं नाही, पण ती पेटवताना कुणी बोलत नव्हतं.

कोथरूडकर

ताई, मी २०२१ च्या जानेवारीत दिवेआगरला आलो होतो. उतरलो त्या घराला निम्मी कौलं, निम्मे पत्रे होते. तरी गरम उकडीचे मोदक पानात पडले. तेव्हापासून आम्ही मित्र दरवर्षी येतो आणि मुद्दाम मधल्या वारी येतो. गटाला सांगा, पैसे आधी भरा आणि रिकाम्या बाटल्या परत घेऊन जा. किनाऱ्यावर काच फुटली की अनवाणी चालणाऱ्या पोरांच्या पायात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आगरातली सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरच्यांसाठी करून पाहिलं. आगळ निम्मं केलं आणि वर थोडं भाजलेलं खोबरं वाटून लावलं. करवंटीचा निखारा फार तापतो, धूर जवळजवळ नाहीच. म्हणून उतरवायच्या आधी दोन सोडणं (नारळाची सालं) टाकली. त्या धुराचा वास खोबऱ्याला असा लागला की सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. दीर शिराज घेऊन आले होते, अर्धा तास गार करून चापांबरोबर सगळ्यांनी घेतली. मी दोन घोट घेतले. पहिला नुसता घेतला तो आवडला नाही, चापेनंतरचा आवडला.

गटाला कळवलंय: सॉव्हिन्यों ब्लांक दोन, शेनिन दोन, शिराज तीन. पोपटी विहिरीपलीकडच्या मोकळ्या जागेत लावणार आहे. तिथली एकही पोफळ वाचली नव्हती. नवीन रोपं तिथून वीस पावलं लांब आहेत, त्यांना आच लागणार नाही.