देशांच्या आनंदाचे क्रमांक लावणं बंद करावं का?

अनवट
दर मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो आणि चर्चा होते ती फक्त 'कोण कितवा' याची. २०१८ पासून फिनलंड पहिला. माझं मत स्पष्ट आहे: सर्वेक्षण चालू ठेवा, क्रमांक बंद करा.

हा क्रमांक येतो कुठून? बहुतेक देशांत वर्षाला हजारेक माणसांना विचारतात : डोळ्यांसमोर शिडी आणा. तळाची पायरी ०, वरची १०. वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठे आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की लागला क्रमांक. प्रश्नात 'आनंद' हा शब्दसुद्धा नाही.

शून्यलब्धी
असहमत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची ही शिडी १९६५ पासून वापरात आहे, आणि तिचा साधेपणा हेच तिचं बळ. दरडोई उत्पन्न, निरोगी आयुर्मान, अडीअडचणीला धावून येणारं माणूस, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टींवरून क्रमांक काढतात असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. त्या सहा गोष्टी फरकाचं कारण शोधायला नंतर वापरतात. क्रमांक फक्त लोकांच्या उत्तरावर. सरकारी आकडे रंगवून तो वर चढत नाही.

२०२४ च्या अहवालात फिनलंड ७.७, अफगाणिस्तान १.७. सहा पायऱ्यांचं अंतर भाषेच्या किंवा स्वभावाच्या फरकाने पडत नाही.

कातरवेळ
मी काही वर्षं घरोघरी जाऊन असे प्रश्न विचारायचं काम केलंय. एका आजींनी आठव्या पायरीवर बोट ठेवलं. मी कागद आवरत होते, तेवढ्यात त्या भिंतीला धरून उठल्या. गुडघे दोन वर्षं दुखत होते, औषध परवडत नाही म्हणून बंद केलेलं. न राहवून विचारलं, मग आठ कसं? म्हणाल्या, "माझ्या आईचं आयुष्य बघितलंय मी. त्या मानाने आठच."

अमर्त्य सेन यांचा आक्षेप नेमका हाच आहे. कायम हालात जगणारं माणूस अपेक्षाच लहान करून घेतं. मग त्याच्या समाधानावरून त्याचं बरं चाललंय असं कसं म्हणायचं? म्हणून माझा भरवसा मानव विकास निर्देशांकावर जास्त. १९९० पासून तो आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मोजतो. मनाची समजूत घालून आयुर्मान वाढत नाही.

शून्यलब्धी
@कातरवेळ, त्या आजींचं आठ चूक ठरवणारे आपण कोण? आईच्या आयुष्याशी तुलना हा त्यांचा पूर्ण विचारांती केलेला हिशेब आहे. आणि सगळेच मन मारून वरची पायरी सांगत असते, तर गरीब आणि युद्धात होरपळलेले देश तळाला दिसलेच नसते.

झुळूक
मूळ घोळ शिडीतच आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की शिडीचं चित्र पुढे केलं की लोकांच्या मनात पैसा आणि सत्ता जास्त येते. शिडी काढली की हे विचार मागे पडतात. ज्या जागतिक सर्वेक्षणातून हा क्रमांक येतो, त्यातच 'काल तुम्ही खूप हसलात का?' असंही विचारतात. तिथे लॅटिन अमेरिकेतले देश वर येतात, पॅराग्वे तर अनेकदा अगदी वर. मग आनंदी कोण?

अनवट
@शून्यलब्धी, टोकांचं तुमचं म्हणणं मान्य. पण मधल्या देशांचं काय? तिथे शेजारशेजारच्या देशांतला फरक इतका बारीक असतो की तो सर्वेक्षणात होऊ शकणाऱ्या चुकीच्या आतच बसतो. तरी 'चार क्रमांकांनी घसरण' असे मथळे येतात. देशांचे गट करा, क्रमांक नको.

शून्यलब्धी
गट चालतील. पण आजींचं उत्तर बाद करून तज्ज्ञांनी ठरवलेले निकष नकोत. भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात नऊ क्षेत्रं आणि ३३ निकष आहेत. काम मोलाचं, पण कशाला किती वजन द्यायचं हे शेवटी कुणीतरी बसून ठरवलेलंच ना? @कातरवेळ, त्या दिवशी तुम्ही कागदावर काय लिहिलंत?

कातरवेळ
आठच लिहिलं. गुडघ्यांसाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.