रीमॅपनंतर डॅशबोर्डवर एएफआर गेज लावावं का?

घाटवळण:
पोलो १.० टीएसआय, स्टेज १ रीमॅप (ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम बदललाय). एअर फिल्टर सोडला तर बाकी सगळं कंपनीचंच. एअर-फ्युएल रेशो (एएफआर, हवा-इंधनाचं प्रमाण) गेज लावायचा विचार आहे, पण सेन्सरसकट चांगलं गेज स्वस्त नाही आणि एक्झॉस्टला भोक पाडून बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करावा लागेल. पैसे वसूल होतात की नुसती शोभा? एक स्वस्तातलंही मिळतंय, गाडीच्याच ओटू (ऑक्सिजन) सेन्सरची तार टॅप करून चालतं म्हणे.

लॅम्डातात्या:
स्वस्तातलं आधी निकालात काढू. ती गेजं नॅरोबँड सेन्सरसाठी असतात. नॅरोबँड ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झोके घेतो आणि मिश्रण आदर्श १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच सांगतो. फुल थ्रॉटलला १२.५ आहे की ११.५, हे त्याला कळत नाही. गणपतीची लायटिंग म्हणून ठीक आहे. तुमच्या गाडीत तर तेही जमणार नाही. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा सेन्सर वाइडबँड (नेमका आकडा मोजणारा) आहे, त्याच्या तारा छेडल्या तर ईसीयूचंच रीडिंग बिघडेल.

आणि तो वाइडबँड आहे म्हणूनच वेगळं गेज नको. ओबीडी (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टचा) अडॅप्टर घ्या आणि फुल थ्रॉटलचा एक पुल (खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत) लॉग करा, शक्यतो डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर). ईसीयूने मागितलेला लॅम्डा (१ म्हणजे आदर्श मिश्रण), मोजलेला लॅम्डा, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब), बूस्ट (टर्बोचा दाब) आणि प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन रिटार्ड (ईसीयू ठिणगी किती उशिरा टाकतोय), एवढं पुरे. वरच्या आरपीएमला मोजलेला लॅम्डा लीनकडे (पेट्रोल कमी) सरकतोय आणि रेल प्रेशरही पडतंय, म्हणजे हाय प्रेशर पंप पुरत नाहीये. प्रेशर जागेवर असूनही लीन दिसलं तर हवेच्या मोजमापात किंवा इंजेक्टरमध्ये बघा. साध्या चालवण्यात मात्र लाँग टर्म ट्रिम (ईसीयू कायम किती पेट्रोल वाढवतो-घटवतो ते) पाहायची. ±५ टक्के उत्तम, +१० च्या वर गेली तर लीक शोधा. क्रूझिंगला ईसीयू लॅम्डा १ वर धरूनच ठेवतो, त्यामुळे गेजवर सगळं आलबेल दिसतं आणि रोग ट्रिममध्ये लपलेला असतो.

बंग_१८:
तात्यांशी सहमत, या गाडीपुरतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीला, स्टँडअलोन (कंपनीचा काढून बाहेरचा) ईसीयू बसवलेल्या एस्टीमला किंवा मोठा टर्बो टाकलेल्या कुठल्याही गाडीला वाइडबँड गेज हवंच. तिथे ईसीयू नसतो किंवा त्याला स्वतःला फारसं कळत नसतं, चालवणाऱ्यालाच बघावं लागतं.

बसवणाऱ्यांसाठी: बॉश एलएसयू ४.९ वर चालणारं गेज घ्या. बंग एम१८×१.५. टर्बोनंतर, कॅटच्या आधी, टर्बोपासून साधारण दीड-दोन फुटांवर. सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा. खालून लावला तर थंड इंजिनच्या धुरातलं वाफेचं पाणी त्यावर साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं. तुमच्या टीएसआयमध्ये कॅट टर्बोला चिकटूनच आहे, त्यामुळे अशी जागाच नाही. कॅटनंतर लावून मिळणाऱ्या आकड्यावर ट्यूनिंग करू नये.

हीटरला फ्यूज लावून इग्निशनची तार द्या. गेज बंद ठेवून सेन्सर पाइपात राहिला तर काजळी धरून मरतो. जवळपास साधं सिलिकॉन सीलंट वापरू नका, त्याची वाफ सेन्सर खाते. वेल्डिंग करताना सेन्सर काढून ठेवा, थ्रेड सरळ ठेवायला डमी प्लग घाला.

घाटवळण:
आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे. मग आकडा १३.५ दिसायला हवा ना?

लॅम्डातात्या:
नाही, गेज १४.७ च दाखवेल. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणतं. टाकीत काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून डिस्प्ले सरळ लॅम्डावर ठेवा. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर फवारणाऱ्या) टर्बोला फुल लोडवर ०.७८ ते ०.८२, विनाटर्बोला ०.८५ ते ०.८८. थ्रॉटल सोडल्यावर इंधन बंद होतं तेव्हा काटा लीनच्या टोकाला जातो, त्याला घाबरू नका.

बंग_१८:
दोन फसवे लीन आकडे लक्षात ठेवा. सेन्सरच्या आधी गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत खेचली जाते. मिसफायर (सिलिंडर नीट पेटत नसणं) असेल तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत येतो, पेट्रोलही येतं पण सेन्सर ऑक्सिजनलाच जास्त बोलतो. लीन दिसलं म्हणून मॅपमध्ये पेट्रोल वाढवत बसायचं आणि प्लग आणखी ओला करायचा, ही चूक फार होते. आधी प्लग, कॉइल आणि गॅस्केट. शिवाय तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र येऊन सेन्सरवर जातो. एक इंजेक्टर चोंदला तरी सरासरी ठीकच दिसेल, म्हणून तात्यांनी सांगितलेलं सिलिंडरवार रिटार्ड लॉगमधून वगळू नका.

घाटवळण:
अडॅप्टर मागवतो. डिझेलच्या रीमॅपलाही हेच?

लॅम्डातात्या:
डिझेल कायमच लीन चालतं. तिथे एक्झॉस्ट तापमानाचं गेज लावा.