साहेबानं शेवटी बोलावं
साहेबानं कौतुक चारचौघांत करावं आणि झाडणं केबिनमध्ये असं म्हणतात, ते पटतंयच, पण मीटिंगमध्ये साहेबानंच आधी तोंड उघडलं की बाकीचे गप्प होतात त्याचं काय? बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कास्टिंगला ब्लोहोल (ओतलेल्या धातूत गॅसची पोकळी) आले की जुने मॅनेजर आधीच सांगून मोकळे, वाळूत ओल जास्त आहे म्हणून, मग मोल्डिंगवाले, म्हणजे वाळूचे साचे करणारे, मान डोलावणार, दुसरं काय करणार बिचारे. नवे साहेब धारवाडकडचे, मराठी जेमतेम, पण मोल्डिंगवाल्याला आधी बोलायला लावतात, तेही जिथं काम चालतं त्या शॉपवरच उभं राहून, आणि स्वतः सगळ्यात शेवटी, तेव्हा कुठं कळलं की कोअरचे (साच्याच्या आत बसवायच्या वाळूच्या गाभ्याचे) व्हेंट, म्हणजे गॅस जायची भोकं, बुजलेले असायचे, गॅस जाणार कुठनं. टोयोटात तर साधा कामगारसुद्धा दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवू शकतो. फक्त सुरुवातीला कुणीच बोलत नाही बघा, तेवढा वेळ साहेबाला गप्प बसता आलं पाहिजे.