मदत हवी आहे: बाबांची कोलोस्टॉमी बॅग सारखी लीक होतेय, कातडी सोलवटलीय

चूकभूल द्यावी घ्यावी, घाईत लिहितेय. बाबा ७१ वर्षांचे, पाच आठवड्यांपूर्वी रेक्टमच्या (मलाशयाच्या) कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि पोटावर डाव्या बाजूला कोलोस्टॉमी केलीय, म्हणजे आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढलंय आणि संडास तिथून बॅगेत येते. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डमधल्या सिस्टरनी एकदाच बॅग बदलून दाखवली, तेही बिलाच्या गडबडीत, मी अर्धं बघितलं अर्धं नाही. पुठ्ठ्याला ४० मिलिमीटरचं गोल भोक पाडून दिलंय, त्यावरून आखून मी बेसप्लेट (कातडीला चिकटणारी चकती, तिच्यावर बॅग बसते) कापते. पहिले पंधरा दिवस छान गेले. आता सकाळी लावलेली दुपारपर्यंत खालून सुटते, परवा तर एका दिवसात तीन प्लेटा गेल्या, आणि त्या काय स्वस्त असतात का! स्टोमाभोवती लालभडक कडं झालंय, मधे मधे ओलसर, पाणी लागलं तरी कळवळतात. ब्युरोतून आलेल्या मावशी रोज डेटॉलच्या पाण्याने पुसतात आणि आग होते म्हणून वर खोबरेल लावतात. ऐरोलीतला हा घाम, त्यात पंखा लावला की बाबा म्हणतात वास पसरतो, बंद कर. रोज संध्याकाळी खाली कट्ट्यावर जायचे तेही सोडलंय, चादर ओढून पडून असतात.

अजून एक, पुसताना टिश्यूला थोडं रक्त लागतं, ते घाबरण्यासारखं आहे का? सर्जनची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे, तोवर काय करू?

निवृत्त सिस्टर, ठाणे:
ताई, आधी स्टोमा परत मोजा. ऑपरेशननंतर तो सुजलेला असतो, पुढे सहा-आठ आठवडे आकसत जातो, आणि तुम्ही अजून पहिल्या आठवड्याच्या पुठ्ठ्यावर कापताय. मधे जी कातडी उघडी राहते तिला संडास लागून लागून ती अशी होते. भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं. सध्या दर आठवड्याला मोजा.

खोबरेल बंद म्हणजे बंद, तेलावर काय चिकटणार? डेटॉलही नको. साधं कोमट पाणी, मऊ कापड, आणि टिपून अगदी कोरडं करायचं. ओलसर भागावर स्टोमा पावडर भुरभुरवा, जादाची झटकून टाका, थर राहिला तर त्यावरही प्लेट धरत नाही. प्लेट आधी तळहातात धरून ऊब द्या, लावल्यावर पाचेक मिनिटं वर हात ठेवून बसा. सकाळी चहाच्या आधी बदलायची, तेव्हा स्टोमा शांत असतो, संडास कमी येते. बॅग एक-तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने प्लेट ओढली जाते.

स्टोमा पुसताना ठिपकाभर रक्त चालतं, तोंडाच्या आतल्या कातडीसारखाच नाजूक असतो तो. पण रक्त थांबत नसेल, स्टोमा जांभळा-काळा पडला किंवा पोट फुगून उलट्या झाल्या तर गुरुवारची वाट बघू नका, लगेच न्या.

धागाकर्ती:
मोजलं! २९ मिलिमीटर. त्या पुठ्ठ्याचं भोक बघून माझी मलाच लाज वाटली. ३१ चं कापलं. खोबरेलच्या बाटलीवरून मावशी जरा फुगल्या, असो. आज तिसरा दिवस, प्लेट जागेवर आहे, लाली आहे पण ओल गेली. आता बाबा कांदाभजी मागतायत, देऊ का?

निवृत्त सिस्टर, ठाणे:
दोन द्या, नीट चावून खायला सांगा. गॅसने बॅग फुगली तर बाथरूममध्ये जाऊन गॅस सोडायचा.