सिक्वेन्शियल टर्बो काढून पॅरलल करावा का? माझं मत : आधी पाइप तपासा

धुळ्याचा मिस्त्री
राम राम मंडळी. माझा भाचा ऑकलंडला असतो. तिथे त्याने १९९४ ची टोयोटा सुप्रा घेतली, जपानमधून आलेली. इंजिन २जेझेड-जीटीई, ३ लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या, जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे). परवा त्याचा फोन आला, "मामा, चार हजार आरपीएमपर्यंत गाडी मस्त ओढते, मग बूस्ट पडतो आणि गाडीचा जीवच जातो." (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, बूस्ट म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब.) तिथला गॅरेजवाला म्हणतो, सिक्वेन्शियलची, म्हणजे एकामागून एक टर्बो कामाला लावायची, भानगडच काढून टाकू, दोन्ही टर्बो पॅरलल, म्हणजे सुरुवातीपासून एकदम चालणारे, करू. मी नको म्हणालो. मस्कतला नऊ वर्षं असल्या इंजिनांवर हात काळे केलेत, म्हणून ठामपणे लिहितोय.

या इंजिनात खालच्या आरपीएमला सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोकडे जातो. ३५०० च्या आसपास थोडा गॅस दुसऱ्याकडे सोडून त्याचं चाक आधीच फिरतं करतात. ४००० च्या सुमारास एक्झॉस्टची आणि हवेची झडप उघडते आणि मग दोघं मिळून ओढतात. केळीवाल्यांना हे लगेच कळेल : एका मेन लाइनवर दोन विहिरींच्या दोन मोटारी. दुसरी बंद असताना तिच्या फाट्यावर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) नसेल, तर पहिलीचं पाणी दुसऱ्या विहिरीत उलटं जातं. टर्बोतही तसंच, म्हणून झडपा.

भाच्याच्या गाडीत दुसरा टर्बो लाइनीवर येत नाही. अशा वेळी माझ्या अनुभवात टर्बो क्वचितच गेलेला असतो. बिघाड असतो तो झडपांकडे हवेचा दाब नेणाऱ्या रबरी पाइपात, हा दाब चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेत (व्हीएसव्ही म्हणतात तो सोलेनॉइड) किंवा त्या दाबाने झडप ओढणाऱ्या ॲक्च्युएटरच्या पडद्यात. तीस वर्षं इंजिनाच्या धगीत शिजलेला पाइप नखाने दाबून बघा, भाकरीच्या पापुद्र्यासारखा तडकतो. दोन हात पाइपासाठी अख्खी रचना मोडायची?

भुसावळकर
असहमत, दादा. तुम्ही स्वतः मिस्त्री, तुम्हाला हे सोपं. त्या पोराला तिथे तासावर मजुरी मोजावी लागते. आज हा पाइप बदलेल, सहा महिन्यांनी दुसरा फुटेल, मग सोलेनॉइड. जेवढ्या झडपा कमी तेवढे बिघाड कमी. निसान स्कायलाइन जीटी-आरचं आरबी२६ इंजिन १९८९ पासून कंपनीतूनच पॅरलल आलं. त्याला कोणी अर्धवट म्हटल्याचं ऐकलंय का?

धुळ्याचा मिस्त्री
भाऊ, आरबी२६ मध्ये तीन सिलिंडर एका टर्बोला आणि तीन दुसऱ्याला. आखणीच तशी आहे. २जेझेडमध्ये सहाही सिलिंडरचा गॅस आधी एकट्या पहिल्याकडे पाठवायचा असतो, म्हणून मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरमधला गॅस गोळा करणारी नळी, सामाईक ठेवलाय. त्याच्या झडपा तारेने उघड्या बांधल्या की पॅरलल होतो खरा, पण खालचा तुटपुंजा गॅस दोन चाकांत वाटला जातो. मग २००० ला जो जोर मिळायचा तो ३५०० च्या पुढे मिळतो. रोज कामावर जाताना माणूस कितीदा साडेतीन हजाराच्या वर जातो?

गिरणाकाठ, चाळीसगाव
मी तीन वर्षं नागोयाला होतो. रूममेटकडे माज्दा आरएक्स-७ होती, १३बी-आरईडब्ल्यू, १३०८ सीसीचं रोटरी (पिस्टनऐवजी गोल फिरणारा रोटर असलेलं) इंजिन. तिच्यात दुसरा टर्बो ४५०० ला येतो. बूस्ट १० पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) ८ वर उतरून पुन्हा १० वर जातो, कंपनीचं गणितच तसं. सरळ रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. पण एकदा पावसात घाटातल्या वळणावर नेमका तिथेच दुसरा टर्बो आला आणि मागची चाकं घसरली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. त्यानंतर त्याने पॅरलल करून घेतली. खालचा जोर गेला, मान्य. पण पायाखाली किती ताकद आहे ते कळायला लागलं. आमच्या कन्नड घाटात ओल्या रस्त्यावर गाडी चढवणाऱ्याला विचारा, जोर थोडा कमी असला तरी चालेल, अचानक नको. माझं मत पॅरललला.

धुळ्याचा मिस्त्री
वळणाचा मुद्दा मला मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच सांगतो, दुसरं चाक आधी फिरवून ठेवणारी यंत्रणा बिघडली की तो झटका फार वाढतो. पाइप धड असलेली गाडी इतकी दणका देत नाही.

केळीवाला, रावेर
मला गाडीतलं कळत नाही, पाण्यातलं कळतं. लाइनला दाब कमी आला की मोटार गेली की व्हॉल्व्ह अडकला, हे ओळखायला आम्ही व्हॉल्व्ह हाताने उघडून बघतो. भाच्याने झडपा एक दिवस उघड्या बांधून बघितल्या तर?

धुळ्याचा मिस्त्री
दादा, अगदी बरोबर बोललात! मस्कतला आम्ही हेच करायचो. तार बांधून ४००० च्या वर बूस्ट पूर्ण आला तर दोन्ही टर्बो शाबूत, बिघाड पाइपात किंवा सोलेनॉइडमध्ये. नाहीच आला तर बहुधा टर्बोतच काहीतरी गेलंय, आणि मग पॅरलल करूनही पैसे पाण्यात. त्या गॅरेजवाल्याने ही साधी परीक्षासुद्धा केली नाही, राग त्याचा येतो.

दुसरी भीती अशी. पॅरलल केल्यावर खालचा जोर गेला म्हणून लोक बूस्ट वाढवतात. जपानी बाजारातल्या या इंजिनात टर्बाइनचं, म्हणजे टर्बोतलं एक्झॉस्टने फिरणारं, चाक सिरॅमिकचं (चिनी मातीसारखं ठिसूळ) आहे. वाढीव बूस्टवर ते फुटतं.

भुसावळकर
तो दोष हावेचा, पॅरललचा नाही. कंपनीच्या बूस्टवर ठेवा ना. आणि परीक्षेसाठी तार बांधलीच आहे, गाडी छान पळतेय, तर सोडायची कशाला?

धुळ्याचा मिस्त्री
कारण मस्कतला एक गिऱ्हाईक असंच "राहू द्या" म्हणून गेलं. सहा महिन्यांनी परत आलं, पूर्वीसारखी करून द्या म्हणून. तोवर त्याने सोलेनॉइड, नळ्या, कंस सगळं भंगारात दिलेलं. महिनाभर सुटे भाग शोधत फिरलो, दोन मिळालेच नाहीत. भाच्याला सांगितलंय, काढलेल्या प्रत्येक पाइपाला चिकटपट्टी लाव, नंबर टाक, फोटो काढ, डब्यात ठेव. रविवारी तो तार बांधून बघणार आहे.

भुसावळकर
मग रविवारचे आकडे इथे टाका, दादा. ४००० च्या वर बूस्ट पूर्ण आला तर मी पुन्हा हेच म्हणणार, तार काढू नका.

धुळ्याचा मिस्त्री
टाकतो. २००० चा आकडाही टाकतो, तार बांधायच्या आधीचा आणि नंतरचा.