उत्तर: अंगठीचा विसर का पडतो?
प्रश्न असा, की बोटात घातलेली अंगठी थोड्या वेळाने जाणवेनाशी का होते. त्यावर आधी एकाने लिहिलंय की जोरात दाबलं की मेंदूकडे 'मोठा करंट' जातो. तसं नाही. एका चेतातंतूतला प्रत्येक स्पंद (म्हणजे विजेचा छोटासा ठोका) साधारण सारख्याच उंचीचा असतो. दाब वाढला की स्पंद भराभर सुटतात, इतकंच. पाऊस वाढला की पत्र्यावरची टपटप वाढते ना, तसं.

आता अंगठीचं. बोटाच्या त्वचेत खोलवर पॅसिनीच्या कणिका, म्हणजे दाब आणि थरथर टिपणारे सूक्ष्म अवयव, असतात, साधारण १ मिलिमीटर लांबीच्या. छेद घेतला तर अगदी कापलेला कांदा! मध्ये चेतातंतूचं टोक, भोवती पापुद्रे. दाब पडला की टोकाचं पटल ताणलं जातं, आयनांची (विद्युतभारित कणांची) दारं उघडतात, संदेश निघतो. दाब तसाच राहिला तर पापुद्रे सरकून ताण जिरवतात आणि कणिका गप्प. म्हणून हातातल्या मोबाइलची थरथर लगेच कळते, अंगठी नाही. त्वचेच्या वरच्या थरातल्या मर्केल पेशी (याही स्पर्श टिपणाऱ्याच) मात्र दाब असेपर्यंत कळवत राहतात. तिकडे मेंदूच कानाडोळा करतो.

स्पर्शाचं यातलं मुख्य दार म्हणजे पिएझो-२ हे प्रथिन. ते शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर. ज्युलियस यांनी मिरचीचा तिखटपणा वापरून उष्णतेचं दार शोधलं होतं! ठेच्याने तोंड 'भाजतं' ते याच दारामुळे.