धंदा आणि संगत: तुमच्याकडे काय घडलं?

परवा जुने हिशेब चाळत होते. माझे फळलेले आणि फसलेले, दोन्ही निर्णय कुणाशी तरी बोलूनच घेतले होते, फक्त माणसं वेगळी होती. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतो हे ठाऊक आहे. पण धंद्यात तो नेमका कसा लागतो? सुविचार नकोत, घडलेलं लिहा.

छापखानेवाला
आमच्या लाइनीतले चार-पाच जण रोज संध्याकाळी जमायचो. विषय ठरलेले: गिऱ्हाइकं पैसे अडकवतात, कागद महागला, कामगार टिकत नाहीत. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तीच तर गोम होती. नव्वद दिवसांची उधारी मला पावसा-उन्हासारखी वाटायला लागली. सगळ्यांचीच थकते, माझी थकली तर काय! बिल पाठवल्यावर आठवण करणंही मी सोडून दिलं.

मग यंत्र बिघडलं आणि सुटे भाग विकणाऱ्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांनी सहज विचारलं, "निम्मे पैसे आधी का घेत नाही?"
"आमच्यात तसं चालत नाही."
"आमच्यात म्हणजे कुणात?"
मला उत्तर सुचेना. पुढच्या महिन्यापासून नव्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घ्यायला लागलो. दोघं गेले, बाकीच्यांनी मुकाट दिली. संध्याकाळची बैठक सोडलेली नाही, दोस्त आहेत ते. तिथं धंद्याचं मात्र बोलत नाही.

जुनी_वही
छापखानेवाले, तुमच्याच व्यवसायातला दाखला देते. बेंजामिन फ्रँकलिन मुद्रक होता. १७२७ साली फिलाडेल्फियात त्यानं 'जंटो' नावाचं मंडळ काढलं. त्यात काचकाम करणारा, चांभार, सुतार, जमीन मोजणारा असे नाना धंद्यांचे लोक. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचे. ठरलेल्या प्रश्नांत एक असा, की अलीकडे कुणाचा धंदा बुडाला आणि कारण काय ऐकलं? कुणाचा चांगला चाललाय आणि कशामुळे, हेही विचारायचे. तक्रार तीच, पण पुढे 'कारण काय' जोडलं की बैठकीची जात बदलते. आम्ही तिघी महिन्यातून एकदा असंच बसतो. दोनदा भांडण झालंय.

रंधा
माझं उलटं झालं. 'मोठ्या लोकांत ऊठबस ठेव' हे मनावर घेतलं आणि एका उद्योजक गटात शिरलो. माणसं भली होती. पण सगळ्यांची ऑफिसं चकचकीत, म्हणून मीही मोठी जागा घेतली, दोन माणसं जास्त ठेवली. ऑर्डरी होत्या तेवढ्याच. त्यांच्या पल्ल्यानं धावलो, स्वतःच्या गल्ल्यावर. दीड वर्षानं परत जुन्या शेडमध्ये.

अर्धा_वाटा
आमची संगत म्हणजे भागीदार. प्रकरण कोर्टात आहे, जास्त लिहीत नाही.

पिक्सेलताई
रोजची संगत म्हणजे आपल्या हाताखालची माणसं, हे कुणी लिहिलंच नाही. माझ्या डिझाइन स्टुडिओत सगळे माना डोलावणारे. चूक माझीच, मी तसेच निवडले होते. मग हिशेबाला एक वयस्कर काका आले. एका भल्या मोठ्या कामाची फाइल परत देत म्हणाले, "ताई, हे घेऊ नका. यांचं पहिलंच बिल अजून आलेलं नाही." आणि गंमत बघा, त्यानंतर बाकीच्यांनाही कंठ फुटला! मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: सगळे मिळून रेघेची लांबी चुकीची सांगत असले की डोळ्यांना दिसत असूनही बरेच जण 'हो' म्हणायचे, पण एकानं जरी खरं सांगितलं तरी हे फार कमी व्हायचं. ते काम घेतलं नाही. पुढे त्या गिऱ्हाइकाचं काय झालं, ठाऊक नाही.

वाचनमात्र
एरवी लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी एक मित्र स्वतःचं वर्कशॉप टाकायच्या आधी माझ्याकडे आला होता. त्या आठवड्यात माझा चेक परत आला होता. तासभर मी त्याला माझीच रडकथा ऐकवली. त्याचा आराखडा उघडूनही पाहिला नाही. तो अजून नोकरीत आहे. मध्यंतरी भेटला, तेव्हा दोघंही पावसावर बोललो.